निरंतरा आणि ओरडणारी बाई

टाकी भरली की घरातल्यांना ओरडून सांगणारं यंत्र ताईनं बनवलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. खोक्यावर तिनं जाड पेनानं 'चाचणी तीन' एवढंच लिहिलं होतं, कारण ती तिसरी चाचणी होती. ताई पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे, आणि प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला वस्तूवर जे खरं आहे तेवढंच लिहायची खोड लागते.

'शिकवत असे' हे मात्र तिच्या आईला माहीत नव्हतं. आईच्या समजुतीप्रमाणे ताई अजून शिकवत होती.

राजीनामा मागच्या सत्राअखेरीलाच दिला होता. तरी रोज सकाळी ती कॉलेजच्या वेळेला खांद्याला पर्स अडकवून निघायची, कॉलेजचा थांबा येण्याआधीच बसमधून उतरायची आणि टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये जाऊन सोल्डरिंग करत बसायची. संध्याकाळी घरी आल्यावर आईला विद्यार्थ्यांच्या गमती सांगाव्या लागत. सुरुवातीला जुन्या आठवणींवर भागलं. मग साठा संपला आणि ताईला विद्यार्थी रचावे लागले. त्यातला एक, गणितात कच्चा पण स्वभावानं गरीब, आईच्या मनात इतका भरला की ती रोज त्याची चौकशी करायला लागली. शेवटी ताईनं त्याला पास करून टाकलं. त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली.

आईच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पर्मनंट आणि बाकीची. ताईचे वडील आयुष्यभर बाकीच्यांत राहिले. आज इथे, उद्या तिथे, परवा घरी. त्यामुळे ताईला कायम केल्याचं पत्र आलं तेव्हा आई खुर्चीत बसून बराच वेळ नुसती पंख्याकडे बघत होती. तसं समाधान तिच्या चेहऱ्यावर त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. अशा आईला 'सोडली मी ती नोकरी' हे रिकाम्या हातानं सांगायची ताईची छाती नव्हती. घरबांधणीच्या सामानाच्या दुकानांची एक मोठी साखळी होती. तिची ऑर्डर हातात पडली की मग सांगायचं, असा बेत होता. शेडमध्ये चाललेल्या उद्योगाबद्दल आईला एवढंच ठाऊक होतं, की पोरगी कॉलेज सुटल्यावर कुठेतरी डबे जोडत बसते.

यंत्र साधंच होतं. टाकीत एक तरंगणारा गोळा, तिथून स्वयंपाकघरापर्यंत वायर, आणि वायरीच्या टोकाला साबणाच्या डबीएवढी पेटी. पाणी काठाला आलं की पेटी बोलायची. काय बोलायची, हा प्रश्न ताईनं शेवटाला ठेवला होता. एकदा घरी ती मायक्रोफोन तपासत असताना खरोखरच टाकी वाहायला लागली, आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "टाकी भरली. पाणी चाललंय वाया. उठतंय का कोणी, की मीच उठू?"

ताईनं तात्पुरतं म्हणून तेच पेटीत भरलं. आणि तात्पुरत्या गोष्टींचं जे होतं तेच झालं. ते राहिलं.

शेजारच्यांनी एक पेटी नेली, मग त्यांच्या साडूंनी, मग साडूंच्या ऑफिसातल्यांनी. ज्या घरांत जिन्यावरून पाण्याचे ओहोळ यायचे आणि तरी कोणी जागचं हलायचं नाही, तिथे माणसं अनवाणी पंपाकडे धावायला लागली. एका निवृत्त न्यायाधीशांनी ताईला मुद्दाम फोन करून सांगितलं, की आपल्याला आयुष्यात इतकं ठामपणे कोणी सुनावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते "आलो, आलो" म्हणत उठले आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आपण एका डबीला उत्तर देतोय. तरी ते परत बसले नाहीत.

आईला या प्रसिद्धीचा तापच झाला. भाजीवाल्यापाशी ती "कालची दिसतेय ही" एवढंच म्हणाली, तर मागे उभे असलेले एक गृहस्थ रांग सोडून लगबगीनं घराकडे निघाले.

नाव नसल्यामुळे लोक आपापल्या परीनं वेळ मारून नेत. बहुतेक जण दुकानात जाऊन "ती ओरडणारी बाई आहे का?" असं विचारत. दुकानदाराची बायको गल्ल्यावर बसलेली असली की प्रकरण नाजूक व्हायचं. मग कोणीतरी भोंगा बसवून तसंच एक यंत्र बाजारात आणलं, आणि 'ते टाकीचं द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात दुकानदार खुशाल भोंगा ठेवायला लागले. ताई पहिल्यांदा काळजीत पडली, आणि ती काळजीत पडलेली बघून मंत्री पुढे सरसावला.

मंत्री म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून तो प्रत्येक कामाचं उद्घाटन करायचा आणि काम दुसऱ्यावर सोपवायचा, म्हणून घरात हे नाव पडलं होतं. मोठेपणी त्यानं ब्रँडिंगचा कोर्स केला आणि तेव्हापासून तो जे लहानपणी फुकट करत होता त्याचेच लोक त्याला पैसे देत होते. ताईच्या राजीनाम्याची गोष्ट घरात त्याला एकट्यालाच माहीत होती. शेडच्या भाडेकरारावर साक्षीदार म्हणून सही करताना ती कळली होती.

"ताई, नाव नाही तर वस्तू नाही," मंत्री म्हणाला. "उद्या कोणाला तुलाच हाक मारायची झाली तर तो काय म्हणून मारणार?"

"ताई."

"ते घरात झालं. मी बाजाराचं बोलतोय."

त्यानं शेडमध्ये एक पांढरा फळा आणून लावला. ताईला वाटलं आपल्याला सर्किट काढायला झाला, पण त्यावर नावं आली. जलसखी आलं आणि गेलं. नीरवी आलं, ते कुठल्याशा ब्यूटी पार्लरचं निघालं. ॲक्वारा हे औषध वाटत होतं. मंत्री दर दोन दिवसांनी यायचा, फळ्यापुढे हाताची घडी घालून उभा राहायचा, एखादं नाव डोळे मिटून तीनदा उच्चारायचा आणि मग ते पुसून टायरवाल्याकडे चहा प्यायला जायचा. टायरवाल्यानंही एक नाव सुचवलं होतं. ते त्याच्या मुलीचं होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून ते फळ्याच्या कोपऱ्यात बरेच दिवस राहिलं.

शेवटी 'निरंतरा' ठरलं.

ताईनं लक्षात आणून दिलं, की हे यंत्र पाणी थांबवण्यासाठी आहे. निरंतर चालू ठेवण्यासाठी नाही.

"लोक अर्थ बघत नाहीत ताई. भावना बघतात."

"कसली भावना?"

"निरंतर अशी," मंत्री म्हणाला, आणि खोक्यासाठी सोनेरी रंग किती गडद असावा याकडे वळला.

दुकानांच्या साखळीचा खरेदीप्रमुख हा एक नीटनेटका माणूस होता. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असत. बिननावाचा माल आमचा कॉम्प्युटर घेत नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. निरंतरा हे नाव त्याला एका दमात पसंत पडलं. वर त्यानं एक अट घातली. यंत्रानं स्वतःचं नाव घेतलं पाहिजे. घरात रोज नाव कानावर पडलं की चार माणसं ते बोलतील, आणि पुढच्या वेळी दुकानात येऊन तेच मागतील. आधी थोडा माल ठेवून बघू, तो खपला तर सगळ्या दुकानांची ऑर्डर. मंत्री त्याच्याकडे असा बघत होता, की जणू हरवलेला भाऊ सापडला. शेजारी बसलेली सख्खी बहीण मनात हिशेब करत होती, की ऑर्डर मिळाली तर आईला रविवारी सांगावं की सोमवारी.

नाव उच्चारायचं म्हणजे आवाज नवा हवा. मंत्र्यानं एक व्यावसायिक आवाज शोधून आणला. जाहिरातींत साड्यांपासून विम्यापर्यंत सगळं हळुवार करून सांगणाऱ्या बाईंचा. आधी बासरीचा तुकडा, मग, "नमस्कार. मी निरंतरा. आपली टाकी भरत आली आहे. कृपया लक्ष द्यावं." ताईला ते ऐकून आपण दातांच्या दवाखान्यात बसलोय असं वाटलं. पण ऑर्डर डोळ्यांपुढे होती. तिनं मान हलवली.

माल दुकानांत गेला, दुकानांतून घरांत गेला, आणि घराघरांत टाक्या वाहायला लागल्या.

यंत्रात काही बिघाड नव्हता. पाणी काठाला आलं की ते चोख बोलत होतं. लोक ऐकतही होते. फक्त कोणी उठत नव्हतं. इतक्या गोड आवाजात सांगितलेल्या कामाला घाई असेल असं कोणाला वाटेना. एका घरातलं म्हातारं जोडपं तर बासरी पुन्हा ऐकू यावी म्हणून पंप मुद्दाम चालू ठेवायचं. ज्यांच्याकडे जुनी पेटी होती आणि ज्यांनी लेकीसुनांसाठी नवी नेली होती, त्यांनी दुकानात येऊन काउंटरवर खोकी आपटली. हे नकली आहे, म्हणाले. यातली बाई बदलली.

खरेदीप्रमुखानं दोघा भावंडांना बोलावून घेतलं. पेन्सिली जागच्या जागी होत्या, तेवढाच धीर. सोनेरी खोकी छापून झाली आहेत, तेव्हा नाव निरंतराच राहील, तो म्हणाला, पण आवाज जुना पाहिजे. सोमवारपर्यंत नमुना आला नाही, तर जागा भोंगावाल्याला.

बाहेर पडल्यावर मंत्री पहिलं वाक्य बोलला ते असं, की यात नावाचा दोष नाही.

जुन्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नुसतं नाव चिकटवता येतं का, ते ताईनं करून बघितलं. पण मधे दुसऱ्या कोणाचाही आवाज घातला तरी घरात दोन बायकांचं भांडण जुंपलंय असं वाटे. तेव्हा आईलाच स्टुडिओत न्यायचं ठरलं.

आई आली ती ठेवणीतले कपडे घालून, केस चापून बसवून. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसला होता. थकलेला, डोळ्यांखाली पिशव्या आलेला माणूस. त्यानं "काकू, घरी बोलता तसं बोला" असं सांगितल्यावर आईनं घसा साफ केला आणि व्याह्यांशी फोनवर बोलायच्या आवाजात म्हणाली, "निरंतरा. टाकी भरली बरं का."

"बरं का नको, काकू."

"मग उद्धट वाटेल ना ते."

पुढचा तासभर आई उत्तरोत्तर सुसंस्कृत होत गेली. ताईनं सांगितलं, समोर टाकी वाहतेय असं समज. आई म्हणाली, वाहू दे, कधी कधी व्हायचंच. मंत्र्यानं तिला चिडवायचा विडा उचलला. लहानपणी फोडलेल्या काचा काढल्या, बुडवलेल्या परीक्षा काढल्या, तिच्या माहेरच्यांबद्दल दोन शब्द बोलून बघितले. आई हसत राहिली. मंत्र्यावर तिला राग कधी येतच नसे. त्याच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. ध्वनिमुद्रकानं घड्याळ बघितलं आणि खालच्या आवाजात ताईला विचारलं, की यांना खरंच राग येईल असं काही आहे का तुमच्याकडे.

होतं ना. ताईकडे ते मागच्या सत्रापासून होतं.

तिनं मंत्र्याकडे पाहिलं. मंत्र्याच्याही ते एकदमच लक्षात आलं असावं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तो काही न बोलता मान हलवत होता, जोरजोरात, आडवी. ताईचा बेत ऑर्डर घेऊन आईपुढे उभं राहायचा होता. आता ऑर्डर हवी तर आधी सांगावं लागणार होतं, आणि सांगून ऑर्डर नाही आली, तर दोन्हीकडून हात रिकामे. ती काचेच्या आत गेली आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, मी कॉलेज सोडलं."

"आज?"

"मागच्या सत्रात. राजीनामा दिलाय. आता हेच करते, पेट्यांचं."

आई चिडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, आणि ताईला वाटलं, संपलं, हेही वाया गेलं. आईनं मायक्रोफोनच्या दांड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग अगदी सावकाश विचारलं, "आणि तो मुलगा? गणितवाला?"

"तो नाही आई."

"नाही म्हणजे? सोडून गेला?"

"म्हणजे नव्हताच तो. मी रचला होता."

त्यानंतर आई जे बोलली ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. काचेपलीकडचा आवाज मोजणारा काटा लाल पट्टीत गेला तो परत फिरेना. नोकरीबद्दल ती फार थोडं बोलली. त्या पोराबद्दल बोलली. त्याच्या निकालाच्या आदल्या रात्री आपल्याला झोप नव्हती म्हणाली. त्याला नोकरी लागली की बूट घेऊन द्यावेत असं मनात होतं, तेही बाहेर आलं. "माझ्याशी खोटं बोललीस ते बोललीस," ती म्हणाली, "पण एवढं गुणी पोर कशाला घातलंस त्यात?"

ध्वनिमुद्रक काचेला नाक लावून उभा होता. त्यानं बटण दाबलं आणि फार आदरानं म्हणाला, "काकू, आता फक्त कागदावरचं वाचा. बाकी काहीही बदलू नका."

आईनं कागद उचलला. आवाजात आता नुसती धार होती. "निरंतरा," ती म्हणाली, आणि ते असं म्हणाली, की जणू भांडं उसनं नेऊन वर्षभर न फिरकलेली कोणी बया दारात उभी आहे. "टाकी भरली. पाणी चाललंय वाया. उठतंय का कोणी, की मीच उठू?"

ध्वनिमुद्रक नकळत उठून उभा राहिला होता. आईनं कागद घडी करून ठेवला, कोणाकडे न बघता बाहेर पडली आणि एकटीच बसनं घरी गेली.

सोमवारी नमुना गेला आणि त्याच आठवड्यात ऑर्डर आली. सगळ्या दुकानांची.

निरंतरा हे नाव मग हा हा म्हणता पसरलं. लोक दुकानात येऊन आईच्याच सुरात ते मागायचे, ओठ मुडपून. शाळेत कोणी उशिरा आलं की पोरं मागून "निरंतरा" म्हणायची. एका ऑफिसात तर वरिष्ठ बाईंना ते नाव पडलं. खरेदीप्रमुखानं ताईला कळवलं, की नाव कानावर पडत राहिलं की काय होतं ते बघा. मंत्री 'नावाची ताकद' या विषयावर ठिकठिकाणी भाषणं द्यायला लागला आणि त्यात स्टुडिओचा उल्लेख करत नसे. ताईची खात्री होती, की आईनं त्याच रागात 'चाचणी तीन' म्हटलं असतं तर आज गावभर चाचणी तीन झालं असतं. पण ती पडली प्रयोगशाळेतली. पुन्हा करून दाखवता येत नाही ते सिद्ध होत नाही, आणि आईला तेवढा राग येईल असं दुसरं काही तिच्याकडे शिल्लक नव्हतं.

घरी आई तिच्याशी बोलत नव्हती. जेवण वाढलेलं असायचं, कपडे घडी केलेले असायचे, दिवे वेळेवर लागायचे आणि बंद व्हायचे, पण शब्द नाही. शेडमध्ये उलट परिस्थिती. प्रत्येक पेटी खोक्यात घालण्याआधी वाजवून बघावी लागे. ताई गोळा पाण्याच्या बादलीत सोडायची आणि आई कडाडायची. दुसरी पेटी, पुन्हा आई. घरी एकदा तरी असं रागावली असती तर ताईनं बसून ऐकून घेतलं असतं. इथे ती दिवसभर रागवत होती, आणि ऐकून घेतलं तरी संपत नव्हतं.

असेच कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी टायरच्या ढिगाला वळसा घालून आई शेडच्या दारात उभी राहिली. आली, सगळीकडे बघितलं, पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यातलं टायरवाल्याच्या मुलीचं नाव वाचलं, आणि मंत्र्याच्या खुर्चीत बसली. मंत्री भाषणाला गेलेला होता. ताईच्या हातात वायर होती, ती तशीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

गिऱ्हाईक होतं. तक्रार अशी, की तुमचं यंत्र चांगलं आहे हो, पण त्या बाई फारच रागावतात, आवाज जरा मऊ करून मिळेल का. ताई "बघते, करता येईल" असं म्हणायच्या बेतात होती. आईनं हात पुढे केला आणि फोन काढून घेतला.

"नाही मिळणार," ती म्हणाली. "तुम्ही पंप वेळेवर बंद करा, कोणी रागावणार नाही." मग समोरचा माणूस बरंच काही सांगत असावा, कारण ती ऐकत राहिली, आणि शेवटी त्याच्या मुलांची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

मग ती ताईकडे वळली.

"कॉलेजवाले परत घेतील का?" आईनं विचारलं.

"नाही. माझ्या जागी घेतलं त्यांनी दुसऱ्याला."

"पर्मनंट?"

"हो."

आईनं मान हलवली. ज्याची कोणाची सोय झाली त्याची झाली, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. मग तिनं भिंतीशी रचलेल्या सोनेरी खोक्यांकडे बघितलं, ती कधी जायची आहेत ते विचारलं, आणि उद्या सकाळी गाडी येणार असं कळल्यावर पदर खोचला.

"आणि तू वायर धरून उभीच. टेप कुठे आहे?"

दोघी खोकी बांधायला बसल्या. ताईनं लावलेली पहिली टेप जरा तिरकी गेली. आईनं ती उकलली, पुन्हा तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट लाव. लोकांच्या घरात जातंय ते."